मूल कुठे ठेवायचे? : लोकगीतांतील कष्टकऱ्यांच्या चित्रणाविषयी

१

'लोकगीतांतील श्रमजीवी माणसाचे चित्रण' हा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर परीक्षेला आलटून पालटून येत असतो आणि त्याचे उत्तरही एव्हाना ठरून गेले आहे. शेतकरी, कुंभार, सोनार, कासार, गवळण, माळीण अशी एक यादी विद्यार्थी देतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक परिच्छेद येतो आणि शेवटी 'लोकगीत हा समाजजीवनाचा आरसा होय' या वाक्याने उत्तर संपते. ही उत्तरे वर्षानुवर्षे तपासताना एक गोष्ट मला खटकत राहिली. या आरशात माणसे दिसतात ती उभी, सजलेली, हातात आपापले अवजार घेतलेली. त्यांचा दिवस कसा सुरू होतो, अवजार उचलण्यापूर्वी त्यांनी हातातले काय खाली ठेवले, हे दिसत नाही.

आमच्या वर्गात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून येणारी मुले असतात. नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण या तालुक्यांतून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पूर्वीसारखीच निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. त्या घरांतली मुले लोकगीतातील शेतकऱ्यावर पानभर लिहितात, आणि त्या पानावर आपले घरही येऊ शकते अशी शंका त्यांना शिवत नाही. हा दोष त्यांचा नाही. आपण त्यांना चित्र पाहायला शिकवले. ते कोणी आणि कोठे उभे राहून काढले, हे विचारायला शिकवले नाही.

प्रस्तुत लेखात मी त्यासाठी एक साधी कसोटी वापरणार आहे. राबणाऱ्या घरात, विशेषतः राबणाऱ्या बाईपुढे, कामाला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न असतो : लहान मूल कुठे ठेवायचे? गाण्यात कष्टकरी माणूस भेटला की त्याचे मूल कोठे आहे ते शोधावे. ते कोठेच नसेल तर चित्र बहुधा बाहेरून काढलेले असते. ते असेल, तर कसे आहे यावरून चित्र काढणाऱ्याचे त्या कामाशी असलेले नाते कळू लागते. ही कसोटी मला कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. ती कोठे सापडली ते पुढे येईल.

२

कष्टकऱ्याचे चित्र ठशाने उमटवण्याची सवय केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत एका कागदावर छापलेली गाणी रस्त्यांवर आणि जत्रांत विकली जात. त्यांना 'ब्रॉडसाइड' म्हणत. गाण्याच्या डोक्यावर बहुधा लाकडी ठशाचे चित्र असे. मुद्रकाजवळ ठसे मोजके असल्यामुळे एकच ठसा एकदा एका गाण्यावर, तर पुढे भलत्याच गाण्यावर वापरला जाई. चित्रातला माणूस आणि गाण्यातला माणूस यांचा संबंध असलाच पाहिजे, असा आग्रह ना छापणाऱ्याचा होता ना विकत घेणाऱ्याचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी लोकगीतांचे संकलन पद्धतशीरपणे सुरू झाले, तेव्हाही हा ठसा पुरता पुसला गेला नाही. १९०३ साली सेसिल शार्प हा संगीततज्ज्ञ सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज या गावी मुक्कामाला असताना त्याने तेथील माळी जॉन इंग्लंड याच्या तोंडून एक गाणे ऐकले, आणि तेथून त्याच्या संग्रहाला प्रारंभ झाला. त्याला मोठ्या संख्येने गाणी देणाऱ्यांत त्याच गावच्या लुईझा हूपर आणि लूसी व्हाइट या बहिणी होत्या. हूपर शर्ट शिवून चरितार्थ चालवीत असे. शार्पने चाली मोठ्या निष्ठेने टिपल्या. शब्द मात्र छापताना ठिकठिकाणी सोवळे केले. पुढे डेव्ह हार्कर यांनी 'फेकसाँग' (१९८५) या पुस्तकात असा आक्षेप घेतला की शार्पसारख्या संकलकांनी आपल्या मनातल्या निर्मळ खेड्याला साजेल तेवढेच निवडले आणि त्यालाच 'लोक' असे नाव दिले. हा आक्षेप काहीसा एकांगी आहे, कारण शार्पने टिपून ठेवले नसते तर बरेच काही नाहीसे झाले असते. तरीही त्यातून निघणारा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. गाणे वहीत येते तेव्हा गाणाऱ्या माणसाचे काम वहीत येते का? हाच प्रश्न घेऊन आपण आपल्या परिसराकडे वळू.

३

कष्टकऱ्यांना मराठी कवितेत मानाचे स्थान मिळवून देण्याचे मोठे श्रेय संतपरंपरेला आहे, आणि त्यांची चरित्रे घरोघर पोहोचवण्याचे श्रेय राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींना (१७१५–१७९०). त्यांचा 'भक्तिविजय' १७६२ साली पूर्ण झाला. महिपती गावचे कुलकर्णी होते. पूजेला बसले असताना सरकारी कामाचे बोलावणे आले, तेव्हा हे काम उरकून त्यांनी लेखणी ठेवली आणि यापुढे ती चाकरीसाठी धरायची नाही असा निश्चय केला, अशी आख्यायिका सांगतात. वसुलीचे हिशेब लिहिणारा हात त्यानंतर गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, जनाबाई यांच्या कथा लिहू लागला. अठराव्या शतकातील एका ग्रामाधिकाऱ्याने हे लिहावे, ही गोष्ट लहान नाही.

गोरा कुंभाराची कथा सर्वांना ठाऊक आहे. बायको पाण्याला जाताना मूल त्याच्या हवाली करून जाते. गोरोबा चिखल तुडवीत असतात, विठ्ठलाच्या नामात देहभान हरपते, रांगत आलेले मूल पायाखाली येते आणि चिखलात मिसळून जाते. पुढे देवाच्या कृपेने ते परत मिळते. कीर्तनात ही कथा ऐकताना श्रोत्यांचे लक्ष गोरोबांच्या तन्मयतेकडे वळवलेले असते, आणि कथेचा हेतूही तोच आहे. पण कथेचा सांगाडा नीट पाहिला तर तो कोणत्याही राबणाऱ्या घराचा आहे. आईला पाणी आणायचे आहे, बापाला माती मळायची आहे, घरात तिसरे माणूस नाही. मूल कुठे ठेवायचे, या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर आहे : कामाच्या जागी. जे घडते तो कामाच्या जागेवरचा अपघात आहे. परंपरेने त्याला भक्तीच्या परमावधीचा अर्थ दिला.

हा अर्थ खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. त्या अर्थामुळेच ही कथा शतकानुशतके टिकली, आणि त्या अर्थाच्या आडोशाला एका कुंभाराच्या घराची अडचण जशीच्या तशी आपल्यापर्यंत आली. कथेतली आई परत आल्यावर जो आकांत करते, तो कुठल्याही रूपकात विरघळत नाही. महिपतींच्या श्रोत्यांत ज्या बाया बसत असतील, त्यांनी ही कथा गोरोबांच्या बाजूने ऐकली असेल की त्याच्या बायकोच्या, हा प्रश्न आपल्या संतसाहित्याच्या तासाला कधी निघत नाही.

महिपतींच्या हयातीतच या जिल्ह्यात दुसरी एक परंपरा बहरत होती. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे तिचे प्रसिद्ध नाव. शाहिरी आणि तमाशा ही बव्हंशी कष्टकरी जातींच्या कलावंतांनी उभी केलेली कला आहे. फंदींसारखे ब्राह्मण शाहीर तिच्यात आले ते तिच्या ओढीने. या कलेत राबणारी बाई सर्वांत ठळकपणे दिसते ती गवळणीच्या रूपात. डोक्यावर दुधादह्याची मडकी, मथुरेच्या बाजाराची वाट, आणि वाट अडवून उभा असलेला कृष्ण. व्यवसाय, बाजार, वाटेवरची वसुली, सगळे तपशील तिथे आहेत. पण ते तपशील खेळाला सोयीचे म्हणून आहेत. गवळणीचे दूध रात्रीपासून कोणी तापवले, विरजले, हे तमाशातली गवळण सांगत नाही. तिचे मूल बहुधा दिसत नाही. भागवताच्या परंपरेत ते एकदाच ठळकपणे दिसते : मुरली ऐकून गोपी निघतात तेव्हा काही जणी अंगावर पिणारे लेकरू तसेच टाकून निघतात. गोरोबांच्या कथेत आणि या प्रसंगात एक साम्य आहे. दोन्हीकडे मूल येते ते विसरले जाण्यासाठी. त्याचा विसर पडणे हेच भक्तीचे माप आहे.

४

आता जात्याकडे येऊ. नगर हा बाजरी-ज्वारीचा जिल्हा. बाजरीच्या पिठाचा एक गुण इथल्या प्रत्येक घराला ठाऊक असतो : ते फार दिवस टिकत नाही, कडू होते. त्यामुळे आठवड्याचे दळण एकदम काढून ठेवण्याची सोय बाजरी खाणाऱ्या घराला नव्हती. थोडे थोडे, वरचेवर, पहाटे उठून दळायचे. ओवीची विपुलता ही स्त्रीमनाच्या हळुवारपणातून आली असे आपण लिहितो. ती काही अंशी धान्याच्या या गुणातून आली, असे म्हणायला हरकत नसावी.

ओवीचा घाटही कामानेच घडवलेला आहे. खुंटा धरून पाळ फिरवायची, मधूनमधून मुठीने जात्याच्या तोंडात वैरण घालायची, श्वास सांभाळायचा. एवढ्यात बसेल अशी ही रचना आहे. ओव्यांना ठरलेला आरंभ असतो, पहिली ओवी देवाची. पण ठरलेला शेवट नसतो. धान्य संपले की गाणे थांबते. जाते जड असले तर दोघी जणी समोरासमोर बसतात आणि एकीची ओवी दुसरी उचलते. जात्याचे दात झिजले की त्याला टाकी लावून देणारा माणूस गावात फिरत येई. म्हणजे गाण्यामागे दगड फोडणाऱ्यापासून दळणाऱ्या बाईपर्यंत हातांची एक साखळी होती, आणि त्या साखळीतला शेवटचा हात गात होता.

काही वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर विद्यार्थ्यांसोबत ओव्या टिपायला गेल्याचे आठवते. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. ओटीवर बसून त्यांना काही केल्या ओवी आठवेना. दोन ओळी येत आणि तिसरी अडे. शेवटी त्याच म्हणाल्या, "असं नुसतं बसून न्हाई यायचं बाई." घरामागे एक जुने जाते होते, लग्नाच्या हळदीपुरते उरलेले. ते झाडून घेतले, सूनबाईंनी मूठभर ज्वारी आणली. खुंटा हातात आला, पाळ फिरू लागली आणि तासभर ओव्या थांबल्या नाहीत. त्यांत भाऊ होता, त्याची बैलजोडी होती, पेरणीची पाभर होती, लेकीच्या सासरची वाट होती. एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "आजी, दळताना लहान लेकरू कुठं असायचं?" आजींनी तिच्याकडे असे पाहिले की जणू हा प्रश्न विचारण्यासारखा नाहीच. "कुठं म्हंजी? हितंच की." आणि त्यांनी आपल्या डाव्या मांडीवर हात ठेवला. "जाऊ वैरण घालायची. म्या ओढायची. त्ये पीत पीतच झोपायचं."

माझी कसोटी मला सापडली ती तिथे. परत आल्यावर पूर्वी वाचलेल्या ओव्या मी नव्याने वाचू लागले, तेव्हा आजवर नजरेआड राहिलेल्या गोष्टी दिसू लागल्या. मांडीवर तान्हे घेऊन दळणारी बाई ओव्यांत पुन्हा पुन्हा येते. कित्येकदा एकच ओवी दळणाचेही गाणे असते आणि अंगाईही असते. आपण ग्रंथात त्यांची दोन प्रकरणे करतो. बाईला दोन्ही कामे एकाच वेळी होती. वनवासातल्या सीतेच्या ओव्यांतही हाच धागा आहे. अरण्यात सीता बाळंत होते. जवळ सुईण नाही, न्हाऊ घालायला कोणी नाही, पाळणा नाही. रामकथेतला हा प्रसंग ओवीने एवढा लांबवला, तो केवळ करुणरसासाठी नसावा. बाळंतपणानंतर लगेच कामाला लागलेल्या बायकांनी सीतेला आपल्यात घेतले आहे.

जनाबाईंकडेही याच दृष्टीने पाहता येते. त्या नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळण-कांडण हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल दळू लागायला येतो, हे सर्वांना ठाऊक असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती विठोबाची दुसरी प्रतिमा : अंगाखांद्यावर लेकरे घेऊन चालणारा. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका बाईला देव दिसला तो लेकरांना बरोबर घेऊन निघालेला. गोरोबांच्या कथेत मुलाचा विसर हे भक्तीचे माप होते. इथे देवच मुले बरोबर नेतो. चित्र आतून काढले की देवही बदलतो.

५

जात्यावरची ओवी हा कष्टकऱ्यांचा निखळ, निर्दोष आवाज आहे असे मात्र समजू नये. लोकसाहित्याच्या तासाला आपण ही चूक वारंवार करतो. ओवीतली बाई स्वतःचे काम सांगते तेव्हा स्वर झिजण्याचा असतो. चंदनासारखी काया झिजल्याची प्रतिमा तिच्या तोंडी सतत येते. तीच बाई भावाचे काम सांगते तेव्हा स्वर अभिमानाचा होतो. भावाच्या बैलजोड्या, त्याची मोट, त्याचे खळे ही सगळी वैभवाची चिन्हे असतात. या वैभवाच्या यादीत कित्येकदा घरचे गडीही मोजलेले असतात. बैल जसे मोजायचे तसे गडी मोजायचे. त्या गड्याच्या बायकोने त्याच पहाटे आपल्या घरी कोणती ओवी म्हटली असेल, ते या ओवीत येत नाही. कासार, सोनार, शिंपी येतात ते लेकीबहिणीला काही देण्याच्या निमित्ताने : बांगड्या, डोरले, खणाची चोळी. कापडाच्या काठापदराची, दागिन्यांच्या घडणीची बारीक पारख तिथे आहे. कारागीर मात्र वस्तू देऊन ओवीतून निघून जातो.

म्हणजे ओवीलाही जात आहे, जमीन आहे. ओवी कोणाच्या तोंडची, हे न नोंदवता तिला 'लोक'गीत म्हटले की ही सगळी दरी बुजून जाते. आपल्या थोर संग्राहकांबद्दल कृतज्ञता बाळगूनच हे म्हणायला हवे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या लावल्या त्या प्रामुख्याने नात्यांच्या आणि भावबंधांच्या क्रमाने. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून खंडामागून खंड प्रसिद्ध करून अवाढव्य धन वाचवले. त्या काळात हे काम झाले नसते तर आज आपल्या हाती फारच थोडे असते. पण माय, बंधू, कन्या, सासुरवास अशा प्रकरणांत ओवी वाटली गेली की श्रम हा स्वतंत्र विषय उरत नाही. तो नात्याच्या पोटात जातो.

हे चित्र पालटले ते गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाने. पुणे जिल्ह्यातील मुळशी-मावळच्या डोंगरी भागात, तिथल्या बायकांसोबतच्या संघटनेच्या कामातून हा संग्रह सुरू झाला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला. लाखाहून अधिक ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि जात नोंदवण्याचा दंडक पाळला गेला, आणि वर्गीकरण बायकांच्या स्वतःच्या अनुभवाभोवती बांधले गेले. पॉइतव्हँ २००४ साली गेले. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळाने हा संग्रह ध्वनिमुद्रणांसह सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली. या संग्रहात दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्यांचे मोठे दालन आहे. जाते तेच, घाट तोच. पण ज्या वैभवाच्या यादीत आपण मोजले जात होतो, तिच्याबाहेर पडून नव्या मानाने उभी राहिलेली बाई तिथे बोलते. गाणाऱ्याचे नाव आणि जात नोंदवल्यामुळे काय दिसू लागते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

६

या टप्प्यावर आपल्या जिल्ह्यातल्याच एका कवीचे नाव घेणे क्रमप्राप्त आहे. दया पवार (१९३५–१९९६) यांचा जन्म अकोले तालुक्यातील धामणगावचा. 'बलुतं' (१९७८) या त्यांच्या आत्मकथनाने ओवीतून निघून जाणाऱ्या बलुतेदाराला थांबवले आणि त्याच्या बाजूने गाव दाखवले. गावकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे, निरोप घेऊन उन्हातान्हात धावणे, आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारे तुकडे. ओवीच्या सोनार-कासारांच्या रांगेत ही माणसे कधी नव्हती.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्यांची 'बाई मी धरण बांधते' ही रचना अधिक महत्त्वाची वाटते. धरणाच्या कामावरची मजूर बाई ती गाते. चाल आणि स्वर दळण-कांडणाच्या गाण्याचा आहे. हाक ओवीतलीच आहे, एका बाईने दुसऱ्या बाईला घातलेली. गाण्याची सुरुवात पहाटेच्या जात्यापासून होते, आणि कामावर पोहोचल्यावर बाई पहिल्यांदा काय करते? तान्हे मूल पाटीखाली झाकते. ज्या पाटीत माती वाहायची त्याच पाटीची सावली. एवढ्या एका तपशिलाने हे चित्र कोठे उभे राहून काढले आहे ते कळते. पुढे तिच्या घामावर वेल चढतो तो दुसऱ्याच्या मांडवावर. गाण्यात कोणत्याही एका धरणाचे नाव नाही. तरीही ज्या अकोले तालुक्यात हा कवी जन्मला, त्याच तालुक्यात प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी कालव्यांनी खाली श्रीरामपूर-राहुरीच्या उसाला गेले. त्याच प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराचा हा इतिहास अभिमानास्पद आहेच. धरणावरच्या बाईचे गाणे त्या इतिहासाच्या पहिल्या पानाआधीचे पान आहे, आणि मराठीच्या वर्गात तरी दोन्ही पाने एकत्र वाचली गेली पाहिजेत.

गोरोबांचे मूल चिखलात, गोपींचे मूल घरी टाकलेले, आजींचे मूल मांडीवर, आणि दया पवारांच्या बाईचे पाटीखाली. या चारही चित्रांत कष्टकरी माणूस आहे. पण पहिल्या दोन चित्रांत मूल विसरले जाते, आणि नंतरच्या दोन चित्रांत त्याचा विसर पडणे शक्यच नाही. श्रमाचे बाहेरून केलेले चित्रण आणि आतून केलेले चित्रण यांतला फरक मला यापेक्षा नेमकेपणाने सांगता येत नाही.

७

एक आक्षेप रास्त आहे. जाते गेले, गिरणी आली, ओव्या संपल्या. मग आज हा खटाटोप कशासाठी? जाते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पारनेरच्या त्या आजींनीच निघताना सांगितले होते, "तुमास्नी गाणं पायजे. आमचं दळान सुटलं त्ये लई बरं झालं." लोकसाहित्याच्या अभ्यासकाने हे वाक्य आपल्या टेबलासमोर लिहून ठेवावे. गाण्याच्या मोहात आपण कष्टांचा गौरव करू लागलो की ठशाचे काम पुन्हा सुरू होते.

मात्र जात्याबरोबर प्रश्न संपलेला नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. दोन माणसांचे काम एका अवजाराच्या नावाने मोजले जाते आणि त्या मोजणीत बाई वेगळी दिसत नाही. ओवीतल्या भावाचे गडी असेच मोजले जात होते. मुले आईबापांबरोबर कोपीवर जातात, म्हणूनच साखरशाळांची कल्पना पुढे आली. मूल कुठे ठेवायचे हा प्रश्न फडातही आहे, आणि तिथल्या बाईच्या ओठी आज जात्यावरची ओवी नाही. तिचे चित्र कोण काढणार आणि कोठे उभे राहून, हा आता आपल्यापुढचा प्रश्न आहे.

गेली काही वर्षे मी परीक्षेतला तो जुना प्रश्न वर्गात थोडा बदलून देते. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा : तुम्ही कोणते काम करत होता, ते करताना काय गात होता, आणि तेव्हा तुमचे मूल कुठे होते. उत्तरे दोन पानांत आणायची. लोकगीत हा समाजजीवनाचा आरसा होय, हे वाक्य त्या पानांत क्वचितच येते. एका विद्यार्थ्याने गाण्याचा रकाना कोरा ठेवला होता. त्याच्या आजीला एकही ओवी आठवली नव्हती. मुलाच्या रकान्यात मात्र त्याने लिहिले होते की त्याच्या वडिलांची झोळी फडात उभ्या असलेल्या बैलगाडीला बांधत, आणि पुढे त्याची स्वतःचीही तिथेच बांधली गेली. त्या उत्तराला गुण किती द्यावेत हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही. पुढच्या तासाला ते वर्गात वाचून दाखवले, आणि मागच्या बाकांवरून आणखी तीन हात वर आले.